एका ओळीसाठी लढलेले युसूफभाई

निरोप आला तो दुपारच्या सुट्टीत. एटापल्लीच्या आमच्या शाळेत एसटीडी बूथवाला सांगत आला, "बाई, चिमूरहून फोन होता. युसूफभाई गेले म्हने." नाल्याच्या पुलावरून पाणी होतं, बस बंद. पोचले तेव्हा माती देऊन चार दिवस झाले होते...

युसूफभाई माझ्या बाबांचे पलटणीतले मित्र. तिथं ते कारकून होते. निवृत्तीनंतर चिमूरला भावाच्या सायकल दुकानामागच्या खोलीत बसून माजी सैनिकांचे, विधवांचे अर्ज लिहून देत. बाबांना बर्फातल्या चौकीवर फेफरं येऊ लागलं आणि लष्करानं त्यांना घरी पाठवलं. अपंगत्व पेन्शनचा दावा मात्र फेटाळला. कागदावर एवढंच होतं: आजार मूळ प्रकृतीतला, सेवेशी संबंध नाही. गावानं त्याचा अर्थ लावला, यांच्या रक्तातच फेफरं आहे. माझी ठरत आलेली सोयरीक मोडली. बाबा धानाच्या बांधीवर एकटेच बसून राहू लागले.

मी तो कागद युसूफभाईंपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. "भरती केलं तवा डॉक्टरनं तपासलं होतं ना? मंग तवा काऊन नाई दिसलं हे? भरतीच्या कागदात आजार नसन, तं तो नोकरीत लागला असंच धरा लागते, बेटा. नियम हाय."

त्या तपासणीच्या नकलेसाठी त्यांनी पत्रांवर पत्रं धाडली. शेवटी नक्कल आली. तिच्यात आजाराचं नावही नव्हतं. अपील दाखल झालं आणि फेरतपासणीसाठी वैद्यकीय मंडळानं बाबांना पुण्याला बोलावलं. बाबा अडून बसले.

"मले तिथीच फेफरं आलं तं? साऱ्या अफसरांसमोर?"

"आलं तं मी हाय. चौकीवरून खाली आनलं तुले, तवा कोन बसलं होतं जवळ?"

मंडळासमोर बाबांना एकट्यालाच जायचं होतं. बाहेर बाकावर आम्ही दोघं. युसूफभाईंचे ओठ सारखे हलत होते, दुआ करत असावेत. बाबा बाहेर आले ते घामानं भिजलेले. म्हणाले, "सांगून टाकलं सारं. लाजलो नाई."

कित्येक महिन्यांनी निकाल आला: आजार सेवेतील परिस्थितीमुळे उद्भवला, पेन्शन मंजूर. बाबा तो कागद घेऊन सरळ सोयरीक मोडणाऱ्यांच्या घरी गेले. त्या मुलाचं लग्न कधीच होऊन गेलं होतं. बाबांनी तरी सगळ्यांना कागद वाचून दाखवला, पाणी प्यायले आणि परतले. त्या रविवारी ते लष्करातून घरी आल्यापासून पहिल्यांदा बाजारात गेले.

माझं लग्न राहूनच गेलं. शाळेत नोकरी लागली, मी एटापल्लीच्या जंगलात आले, रमले. युसूफभाईंना मात्र ते सलत राहिलं. बाबा गेल्यावरही दर भेटीत म्हणायचे, "मीच उशीर केला, बेटा. एक अर्ज आधी टाकाले पायजे होता." भाई, तुमचा काही उशीर झाला नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. दर वेळी चहा यायचा, कुणी अर्जदार यायचा, आणि ते राहून जायचं...

शाळेतला साधा रजेचा अर्ज लिहितानाही मी डावीकडे चार बोटं समास सोडते. ते त्यांनीच शिकवलेलं. "फाइलीत टोचते तिथी कोनाचं नाव फाटाले नाई पायजे," म्हणायचे. काल युसूफभाईंच्या पत्नीला, भाभींना, पत्र लिहिलं. ते कुठल्याच फाइलीत जाणार नाही. तरी हातानं आपोआप समास सोडला. मग पत्र तसंच पुढ्यात ठेवून मी त्या कोऱ्या पट्टीवरून बराच वेळ बोट फिरवत बसले.