ताकदीची सुई

बाबांचे डोळे पिवळे झाले म्हणून आम्ही त्यांना भंडाऱ्याला नेले. तिथल्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. लिव्हरचे आकडे भलतेच वाढले होते. "रोज किती पिता?" त्यांनी विचारले.

आई भडकली. "मोहाची दारू तर सोडाच, हे सुपारीले बी शिवत नाहीत!"

डॉक्टर हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. मग त्यांनी विचारले, "गेल्या काही महिन्यांत इंजेक्शन घेतलं होतं?"

घेतले होते. १९८० सालाच्या आसपासच्या त्या वर्षांत, धानाच्या रोवणीत कंबर धरली की सारे गाव पवनीकडून सायकलवर येणाऱ्या डॉक्टरची वाट पाही. नुसत्या गोळ्या देणाऱ्याला आमच्याकडे कोणी डॉक्टर मानतच नसे. ताकदीची सुईच हवी. सायकलवाला ओट्यावर बसे, एकाला टोचे, सुई स्पिरिटच्या बोळ्याने पुसे आणि पुढच्याला बोलावी.

"त्याच सुईने?" डॉक्टर आता हसत नव्हते. "तुमच्या आधी कोणाला दिली होती?"

बाबांना आठवेना. मला मात्र त्यांच्या नंतरचे आठवत होते. रांगेत बाबांच्या मागे आई उभी होती, आणि आईच्या मागे बाही वर करून मी.