बाबांचे मेसेज अन् कंपनीचं कुंपण

त्या महागड्या फोनच्या कंपनीचा मोठा साहेब कोण असेल तो असो, त्याला एकदा पुसदला आणून माझ्या बाबांसमोर बसवायची माझी फार इच्छा आहे. चहा पाजीन, पंख्याखाली खुर्ची देईन आणि म्हणीन, बोल आता यांच्याशी. बघू तुझी अक्कल.

बाबा बोलू शकत नाहीत. जन्मभर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळला, गळ्यात गाठ झाली, नागपूरला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. पण बाबा मुके झाले असं मी कोणाला म्हणू देत नाही. उभं आयुष्य त्यांनी टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवली. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, आता इन्स्टिट्यूट मी चालवते. पण मराठी टायपिंगची, कळांची जुनी मांडणी त्यांच्या बोटांत अजून जशीच्या तशी आहे. दवाखान्यातून घरी आले ते पलंगावर न टेकता सरळ कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर जाऊन बसले आणि डोळे मिटून टाइप केलं, "दवाखान्यातल्या वरणात मीठ नव्हते." इतक्या दिवसांनी बाबांचं बोलणं! मी हसता हसता रडले.

आता माझी धाकटी बहीण. ती अमेरिकेत असते. आमच्याकडे दूधवाल्यापासून तहसीलच्या बाबूपर्यंत सगळे ज्या हिरव्या अ‍ॅपवर असतात, ते तिनं लग्नानंतर काढून टाकलं. कारण विचारलं की म्हणायची, "ताई, इथं कोणी नाही वापरत वं ते. आमचे सगळे ह्याच कंपनीच्या फोनवर, ह्याच्याच मेसेजवर." मेल टाकला तर म्हणे मेल फक्त ऑफिसचे बघते. राहिला व्हिडिओ कॉल. त्यात ती बोलायची, बाबा माना हलवायचे, आणि दोन मिनिटांत दोघांचंही अवघडून जायचं. मग एका ओळखीच्या माणसाबरोबर तिनं बाबांसाठी त्याच महागड्या कंपनीचा फोन पाठवला. बाबांनी त्यावर टाइप करावं, ती उत्तर देईल.

झालं काय, त्या काचेवर बाबांचं बोटच चालेना. जुनी मांडणी मी शोधून त्यात टाकलीही. पण काचेला कळा कुठून येणार? खाली काही दबल्याचं कळल्याशिवाय बाबांचं बोट पुढं सरकत नाही. दहा बोटांनी धडाधड लिहिणारा माणूस एका अंगठ्यानं चाचपडत बसला, बराच वेळ घाम गाळून "कशि अहेस" एवढं लिहिलं, आणि फोन पालथा घालून ठेवला. त्यांच्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. लाजले होते हो. आपल्या पोरीला असलं पत्र पाठवायचं म्हणून लाजले होते.

बरं, उपाय तर अगदी साधा होता. तोच मेसेज कॉम्प्युटरवर उघडावा, बाबांनी तिथं टाइप करावं, विषय संपला. तर नाही! त्या कंपनीचे मेसेज फक्त त्या कंपनीच्याच कॉम्प्युटरवर उघडणार. आमच्या इन्स्टिट्यूटमधले सगळे कॉम्प्युटर दुसऱ्या कंपनीचे, तिच्या वैऱ्याचे. यांचं वैर यांनी खुशाल करावं, पण त्याचा भुर्दंड माझ्या बापाच्या गळ्याला कायले? मी मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडचा पोरगा मधासारखा गोड बोलला, मॅडम, आपण आमचाच कॉम्प्युटर घेऊन टाका. मी म्हटलं, "घेते ना. सोबत त्यावर टाइप करणारा नवा बाप बी पाठवता काय?" फोन त्यानं ठेवला की मी आपटला, आठवत नाही.

सुरुवातीला मीच मधे बसले. बाबा कॉम्प्युटरवर लिहायचे, मी पाहून पाहून फोनवर उतरवायची. पण बापानं लेकीला लिहिलेलं मी मधात वाचावं कायले? बाबाही हात आखडता घ्यायला लागले. हवापाणी, तब्येत, एवढंच. मला कळत होतं की त्यांना आणखी काही लिहायचं आहे आणि माझ्यामुळे ते लिहीत नाहीत.

मग मी हट्टालाच पेटले. आधी इंटरनेटवरचा एक जुगाड केला. त्यात आपला पासवर्ड कोणत्या तरी अनोळखी मशीनवर ठेवायचा आणि ती मशीन म्हणे मेसेज इकडून तिकडे करते. भीत भीत केलं. जेमतेम आठवडाभर चाललं आणि कंपनीनं दार लावून घेतलं. काय बिघडत होतं यांचं, सांगा ना! एक म्हातारा माणूस आपल्या पोरीला जेवलीस का विचारत होता. त्यानं यांच्या दुकानाला टाळं लागणार होतं काय?

शेवटी कळलं की आमच्या कॉम्प्युटरमध्येच एक सोय आहे. फोन कॉम्प्युटरशेजारी ठेवायचा, ब्लूटूथनं दोघांना जोडायचं, मग फोनवरचे मेसेज मोठ्या पडद्यावर दिसतात आणि इथून लिहिलेलं तिकडे जातं. आमच्या जुन्या मशीनला ब्लूटूथ नव्हतं, तर बोटाच्या पेराएवढा तुकडा आणून मागे खोचला. बारीकसारीक परवानग्या देता देता डोकं उठलं. जोडलं तरी सगळं लंगडंच. फोटो दिसत नाही, मागचं काही दिसत नाही, फोन उचलून बाहेर गेलं की जोड तुटते. पण शब्द जात होते! बाबांनी पहिला मेसेज जुन्या मांडणीत, दहा बोटांनी टाइप केला आणि बहिणीचं उत्तर मोठ्या अक्षरांत पडद्यावर आलं. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी मी इन्स्टिट्यूटमधल्या पोरापोरींना पेढे वाटले.

आता बाबांची एक खोड. टाइपरायटरवर ओळ संपली की कागद धरणारी गाडी हातानं मागे ढकलावी लागते. कॉम्प्युटर आल्यापासून बाबा त्याच सवयीनं ओळीच्या शेवटी एंटर दाबतात. "बाबा, ओळ आपोआप खाली जाते," असं मी हजारदा सांगितलं असेल. मान हलवतात आणि एंटर दाबतात. इथं एंटर दाबलं की मेसेज सुटतो. त्यामुळे बाबांचं एक पत्र म्हणजे तुकड्यांची रांग. "चि. लाडक्या लेकीस अनेक आशीर्वाद." टिंग. "इकडे सर्व ठीक. काल ऊन कमी होते म्हणून मी पायी" टिंग. "बाजारात जाऊन आलो. तुझ्या आवडीच्या शेंगा" टिंग. बाबांना सुचायचं सकाळी अंघोळ झाल्यावर, आणि तेव्हा तिकडे रात्र.

काही दिवस उत्तरं आली. मग विरळ झाली, मग फक्त रविवारी. बाबा रोज सकाळी लिहायचे आणि दिवसभर विद्यार्थ्यांच्या खटखटाटात त्या कोपऱ्याकडे बघत राहायचे. एका संध्याकाळी माझ्यानं राहवलं नाही. तोच फोन उचलला, दारात उभी राहिले आणि बहिणीला लावला.

"काहून वं, बाबांले उत्तर द्यायले हात झिजतात काय तुह्ये?"

"ताई, मीनं बाबांले म्यूटवर टाकलं आहे," ती म्हणाली. इतक्या सहज, जणू पंखा बंद केला. "रात्री टिंग टिंग टिंग, बाळ उठते. रविवारी सगळं सोबत वाचतो ना मी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडात आलं ते बोलले. म्हटलं, "अव माय! ज्याचा आवाज डॉक्टरनं काढला त्याचा राहिलेला बी तू बंद केला? त्या दीडदमडीच्या मेसेजसाठी मी कोणाकोणाच्या पाया पडली तुले काय माहीत! ते हिरवं अ‍ॅप टाकलं असतं तर एका मिनिटात झालं असतं. पण नाही, तुम्ही मोठे लोक. तुमच्या कुंपणात आम्हीच वाकून यावं, अन् वरून तुम्ही कानात बोळे घालून बसावं. लाज नाही वाटत तुले?"

ती मला ओरडू देत होती. मी दम घ्यायला थांबले तेव्हा बोलली, आणि फार हळू बोलली.

"ते अ‍ॅप मीनं काहून काढलं, माहीत आहे तुले? माह्या लग्नाच्या टायमाले आपल्या घरच्या ग्रुपवर काका काय काय लिहून राह्यले होते, आठवते ना? जात काढली, माह्या नवऱ्याले शिव्या देल्या, पोरगी मेली समजा म्हटलं. तू काकांच्या घरी जाऊन भांडली, ते मले माहीत आहे. पण मीनं तिथं सगळ्यांसमोर लिहिलं होतं, बाबा, तुम्ही तरी बोला. ते बाबांनी वाचलं होतं ताई. दिसत होतं मले. तेव्हा तर त्याईचा आवाज होता ना वं? एक शब्द तरी बोलले काय?"

एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

वळून पाहिलं तर बाबा कोपऱ्यात ताठ बसले होते. फोनचा स्पीकर चालूच होता आणि कान बाबांचे चांगले आहेत. विद्यार्थी निघून गेले होते. मी फोन कॉम्प्युटरशेजारी ठेवला, आणि कशासाठी ठेवला तेही मला कळलं नाही. बाबांनी कीबोर्ड पुढं ओढला. पहिल्यांदाच त्यांचा हात कळांवर थांबलेला दिसला. मग त्यांनी लिहिलं, "तेव्हा मला आवाज होता. मी भ्यालो." आणि पाठवलं.

मला बाबांचा राग आला. कंपनीचा आला नव्हता एवढा, बहिणीचा आला नव्हता एवढा. स्वतःच्या भावाच्या भीतीनं पोरीला एकटं सोडलं या माणसानं, आणि त्याच्यासाठी मी दुनियेशी भांडत होते! वाटलं, मागचा तो ब्लूटूथचा तुकडा उपटावा आणि नालीत फेकावा. हात पुढं गेलाही होता.

तेवढ्यात फोनच्या काचेवर त्या मेसेजखाली वाचल्याची खूण आली. कॉम्प्युटरवर ती दिसत नाही, म्हणून मलाच सांगावं लागलं.

"वाचलं तिनं," मी म्हटलं.

उत्तर काही आलं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते पुढचं टाइप करायला लागले होते.