प्रभाकरभाऊंचे अठरा शॉट

प्रभाकर कळंबे यांच्या गोल्फच्या मैदानावर मी कडुनिंबाची सहा रोपं लावली. सहाही त्यांच्या होलमध्ये.

मुद्दाम नाही केलं, हे आधीच सांगून ठेवतो. आमचं सौसर छिंदवाड्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेलं, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळाला वृक्षारोपणाचा झटका आला होता. मंडळात सगळे रिटायर. गुडघे कोणाचेच धड नाहीत. त्यामुळे झाड लावायला सगळे तयार, खड्डा खणायला एकही नाही. अशात रामाकोन्याच्या रस्त्याला एक मोकळं वावर दिसलं आणि त्यात चक्क तयार खड्डे. गोल, सुबक, प्रत्येकात पत्र्याचा डबा बसवलेला. बाजूला आधाराची काठी, तिला लाल फडकं. आणि भोवताली हात-दोन हात नव्हे, चांगली मोठ्या खोलीएवढी जमीन शेणानं सारवलेली. मी मंडळाला म्हटलं, बघा, कोणी तरी झाडांसाठी किती भक्तीनं करून ठेवलंय. रोपाची पिशवी डब्यात अशी अचूक बसली, की आमची खात्रीच पटली. रोपं काठीला सुतळीनं बांधली, पाणी घातलं, फोटो काढला. फोटोत मी मध्यभागी.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक उंच, वाळका माणूस माझ्या फाटकाशी उभा. हातात कडुनिंबाचं एक रोप, मुळासकट. आवाज न चढवता त्यानं विचारलं, "गुरुजी तुमीच का?" मी हो म्हटलं. शाळेतून निघून नऊ वर्षं झाली तरी गावाला मी गुरुजीच. रोप माझ्या हातात देत तो म्हणाला, "हे घ्या तुमचं. बाकीचे पाच बांधावर लावले म्या."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही, त्याऐवजी शिक्षा दिली. दर रविवारी सकाळी यायचं आणि त्यांचे शॉट मोजायचे. स्वतः खेळताना स्वतःच मोजलेलं खरं नाही वाटत, असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षं मी पोरांचे मार्क मोजले, हे त्यांना कोणी तरी सांगितलं असणार.

तर हे प्रभाकरभाऊ. कोळशाच्या खाणीत स्टोअरचे क्लार्क होते. खाणीच्या कॉलनीत साहेब लोकांसाठी सहा होलचं छोटं मैदान होतं. साहेब खेळायचे संध्याकाळी. भाऊ खेळायचे पहाटे, साहेब झोपेत असताना, एका दयाळू मॅनेजरनं दिलेल्या तीन जुन्या स्टिक घेऊन. त्यांना कोणी मनाई केली नव्हती, कोणी बोलावलंही नव्हतं. क्लबच्या व्हरांड्यात एक लाकडी पाटी होती. सहा होल अठरा शॉटमध्ये ज्यानं पूर्ण केले, त्याचं नाव तिच्यावर पांढऱ्या रंगानं लिहीत. भाऊंनी पहाटे दोनदा एकोणीस केले होते. अठरा कधी झाले नाहीत. झाले असते तरी पाटीवर नाव आलं नसतं, कारण पाटी मेंबरांची. हे सगळं त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही बुटाची नाडी बांधताना, माझ्याकडे न बघता.

रिटायर होऊन सौसरला आले तेव्हा वडलांची संत्र्याची झाडं म्हातारी होऊन वाळली होती. ती काढली आणि दीड एकरात सहा होल केले. पहिल्याच वर्षी लक्षात आलं, की होलभोवती जसं मऊ हिरवं गवत लागतं तसं आपल्या उन्हात टिकत नाही. मग त्यांनी अंगणाची युक्ती केली. माती चोपून घ्यायची आणि दर शनिवारी सारवायची. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या चंद्रकलाबाई एका बाजूनं, भाऊ दुसऱ्या बाजूनं. सारवलेल्या जमिनीवर चेंडू असा पळतो, की कॅरमची सोंगटी वाटावी. एका दिवाळीत भाऊंच्या पत्नी, उषावहिनी, यांनी तिसऱ्या होलभोवती मोठी ठिपक्यांची रांगोळी काढली. इतकी छान सारवलेली जागा मोकळी ठेवणं त्यांच्या जिवावर आलं म्हणे. भाऊ चार दिवस तो होल लांबूनच बघत होते.

गावाला यातलं काहीच कळत नव्हतं. येणारे-जाणारे विचारत, काका, काय शोधून राहिले? भाऊ सांगत, चेंडू. लोक दोन मिनिटं शोधूही लागत. अकरा वर्षं असं चाललं. या अकरा वर्षांत एकोणीस बरेचदा झाले. अठरा एकदाही नाही.

मी मोजायला लागलो तेव्हा मला वाटलं, होतीलच कधी तरी. घाई कसली? घाई कसली ते दिवाळीनंतर कळलं.

वावराच्या टोकालाच भाऊंचं घर. खेळ झाला की तिथं ओट्यावर मी चहा प्यायचो. एका रविवारी भाऊंच्या कपाखाली बशी नव्हती. पुढच्या रविवारी माझ्याही नव्हती. मग कप गेले, स्टीलचे पेले आले, आणि भाऊंचा पेला अर्धाच भरलेला असायचा. वहिनी कोणाला काही सांगत नव्हत्या, फक्त घरातली वाजणारी भांडी एकेक करून आत नेत होत्या. मी मास्तर असूनही मला दोन महिने उशिरा समजलं. भाऊंचा उजवा हात थरथरत होता. नागपूरच्या डॉक्टरनं कंपवात सांगितला होता. गोळ्यांनी हात ताब्यात राहील, पण थोडा वेळ. आणि तो थोडा वेळ महिन्या-महिन्याला आणखी थोडा होत जाईल.

या आजाराची एक रीत मोठी वाईट. हात कामात असला, जोरात हलत असला, की शहाण्यासारखा वागतो. थांबला की थरथरतो. म्हणजे ऐंशी पावलांचा शॉट भाऊ पूर्वीसारखा मारत. चेंडू होलपासून हातभर अंतरावर आला, दोन सेकंद स्थिर उभं राहून नुसता ढकलायचा असला, की पंचाईत.

त्यांनी गणित बसवलं. साडेसातला गोळी. सव्वाआठला हात ऐकायला लागतो. आधी दोन तास ऐकायचा, मग दीड, जानेवारी संपेपर्यंत पाऊण तासावर आला. सहा होलला अर्धा तास लागतो. "या थंडीत झालं तं झालं, गुरुजी," ते म्हणाले. "उन्हाळ्यात हात नाई राहायचा."

मी हसून म्हटलं, काही तरीच काय. असं हसून म्हणायची सवय मला शाळेतच लागली होती, नापास होणाऱ्या पोरांच्या बापांशी बोलताना.

फेब्रुवारीचा दुसरा रविवार. सव्वाआठला आम्ही पहिल्या होलवर. वहिनी ओट्यावर शाल घेऊन बसलेल्या. त्या कधी बघत नसत, त्या दिवशी बघत होत्या.

पहिला होल तीन. दुसऱ्यावर चेंडू बांधाला आपटून, उडून, सारवलेल्यावर घरंगळत काठीपाशी आला आणि भाऊंनी दुसऱ्याच शॉटला घातला. दोन. मी टाळी वाजवायला गेलो, त्यांनी नजरेनं थांबवलं. तिसऱ्यावर चेंडू वाळक्या संत्र्याच्या खुंटामागे अडकला, चार लागले. चौथा तीन. चारी मिळून बारा. मी वहीत लिहिलं, पुन्हा बेरीज केली, बोटांवर केली. भाऊंना सांगितलं नाही. त्यांना माहीत होतं.

आणि पाचव्या होलवर म्हशी बसल्या होत्या.

शेजारच्या मंगेशच्या चार. नेमक्या सारवलेल्यावर. उन्हाला पाठ देऊन रवंथ करत होत्या, जणू त्यांच्यासाठीच शनिवारी कोणी जागा तयार केली होती. मी छत्री उघडली, मिटली. हुर्र केलं. एकीनं माझ्याकडे मान वळवली आणि परत रवंथ सुरू केला. चंद्रकलाबाई मंगेशला बोलवायला धावल्या. मंगेश आंघोळीला गेला होता.

मी म्हटलं, भाऊ, सहावा आधी खेळून घ्या, पाचवा मग खेळू. मला वाटलं, मोठी अक्कल सांगितली.

"पाच झाल्यावर सहा येते, गुरुजी," ते म्हणाले, आणि स्टिक टेकून उभे राहिले.

पंचवीस मिनिटं. मी घड्याळाकडे बघत नव्हतो असं दाखवत घड्याळाकडे बघत होतो. वहिनी ओट्यावरून उतरून आल्या, भाऊंच्या खांद्यावर शाल टाकली, परत गेल्या. मंगेश ओल्या डोक्यानं आला, माफी मागत म्हशी घेऊन गेला. जाता जाता एकीनं जे करायचं तेच तिथं केलं. चंद्रकलाबाईंनी ते हातानंच उचललं, ओला हात जमिनीवरून फिरवला, आणि म्हणाल्या, चला, ताजं सारवून झालं. आम्ही तिघंही हसलो. भाऊ जास्तच हसले. त्यांचा हात खिशात होता.

पाचवा तीन झाला. एकूण पंधरा. सहाव्यावर तीन लागले की अठरा.

सहावा सगळ्यात लांब, पंच्याऐंशी पावलं, मध्ये विहिरीचा पाट. भाऊंनी हात खिशातून काढला, स्टिक धरली, आणि थांबलेच नाहीत. थांबायचंच नव्हतं त्यांना. उभे राहिले आणि मारला. चेंडू पाटावरून गेला, सारवलेल्याच्या कडेला पडला, आत आला. सोळा. दुसरा दहा-बारा पावलांवरून. तोही न थांबता, जवळजवळ चालता चालता मारला. चेंडू होलकडे गेला, काठापाशी मंदावला, आणि हातभर अलीकडे राहिला. सतरा.

हातभर. माझी चार वर्षांची नात पायानं घालेल, एवढं. पण चालता चालता हातभर अंतर मारता येत नाही. तिथं उभं राहावंच लागतं.

भाऊ उभे राहिले. स्टिक चेंडूमागे टेकवली. उजवा हात सुरू झाला. त्यांनी स्टिक उचलली, हात खाली सोडला, झटकला, श्वास घेतला. परत टेकवली. मी वही छातीशी धरून उभा होतो. ओट्यावर वहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या.

टक, असा अगदी बारीक आवाज आला. मारल्याचा नव्हे. थरथरत्या स्टिकचं टोक चेंडूला लागलं होतं. चेंडू चार बोटं बाजूला सरकला आणि थांबला.

कोणीच काही पाहिलं नव्हतं, असं म्हणायला जागा होती. वहिनी लांब होत्या. चंद्रकलाबाई हात धूत होत्या. राहिलो मी. मी वहीत मान घातली.

"अठरा," भाऊ म्हणाले.

"भाऊ, हे मारलं कुठं? हे तर—"

"अठरा लिवा, गुरुजी."

साहेबांच्या मैदानावर तोच नियम होता. स्टिक टेकवल्यावर चेंडू हलला तर एक शॉट मोजायचा, आणि चेंडू होता तिथं परत ठेवायचा. भाऊ वाकले, चेंडू जागेवर ठेवला. मग उभे राहून त्यांनी तो होलमध्ये ढकलला. या वेळी हात हलला नाही. आता त्याला हलायचं कारण उरलं नव्हतं, असं मला वाटलं. डॉक्टर कदाचित वेगळं सांगतील.

मी एकोणीस लिहिलं. अक्षर माझंही वाकडं आलं.

चेंडू काढायला ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग ओट्यावर आले. वहिनींनी अर्धा पेला चहा दिला. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून प्यायला, तरी शर्टावर सांडला. वहिनी आत गेल्या आणि लवकर बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या रविवारी गेलो, तर भाऊ म्हणाले, आज राहू द्या. त्याच्या पुढच्या रविवारीही. शनिवारचं सारवणं बंद झालं. उन्हानं सारवलेल्याला भेगा पडल्या. चंद्रकलाबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, भाऊंना काही बोला नं, ते दिवसभर भिंतीकडे पाहत बसून राहिले. तो नियम एकदा तपासून बघावा, असं मला वाटलं. मग मी पुण्याला मुलीला फोन केला. सायलीला गोल्फमधलं काही कळत नाही, पण मोबाईलमध्ये शोधायला तिला कळावं लागत नाही. अर्ध्या तासात तिचा फोन आला. बाबा, नियम बदललाय, दोन हजार एकोणीसपासून. होलजवळच्या त्या जागेत चेंडू चुकून हलला तर शॉट मोजत नाहीत. फक्त जागेवर ठेवायचा.

मी स्कूटर काढली. रस्त्यात दोनदा थांबून तिचा मेसेज पुन्हा वाचला. इतका आनंद मला माझ्या रिटायरमेंटच्या ऑर्डरचाही झाला नव्हता.

दुपारचे चार वाजले होते. भाऊ ओट्यावर वाटाणे सोलत बसले होते. बोटांना काम द्या, असं डॉक्टरनं सांगितलेलं. दाणे ताटात कमी आणि ओट्यावर जास्त पडले होते, वहिनी ते वेचत होत्या. मी उभ्या उभ्याच मेसेज वाचला. इंग्रजीत वाचला, मग मराठीत सांगितला. वहिनींचे हात थांबले. भाऊंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, परत वाचा. मी परत वाचलं.

"म्हणजे तुमचे अठराच झाले, भाऊ," मी म्हटलं. "हात आपोआप हलला. तुम्ही थोडाच हलवला?"

भाऊंनी शेंग ताटात ठेवली.

"हात तं माहाच होता, गुरुजी."