बरोबर उत्तराच्या छड्या

चन्नबसप्पा आमच्या सातवीच्या वर्गात आला तेव्हा त्याला मिशा होत्या, बायको होती आणि चार वर्षांची एक मुलगी होती. आम्ही सगळे बारा-तेरा वर्षांचे. फसली तेराशे एक्कावन्न, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे बेचाळीसच्या सुमाराचं साल होतं, निजामाचा अंमल, आणि औशाच्या शाळेत सगळे विषय उर्दूत. पहिल्याच दिवशी आम्ही त्याचं नाव 'व्याही' ठेवलं. "व्याही आले, पाट मांडा," असं कुणी म्हटलं की तो मिशीतल्या मिशीत हसायचा आणि तरटावर माझ्या शेजारी मांडी घालून बसायचा. त्या मांडीखाली माझी अर्धी जागा जायची, याचा मला भयंकर राग होता.

तो शिरूर अनंतपाळकडचा. त्याच्या गावाला सरकारनं शाळा मंजूर केली होती, पण तिथं जायला एकही मास्तर तयार नव्हता. रस्ता नाही आणि पावसाळ्यात नदी आडवी. शेवटी शाळाखात्याच्या साहेबानं सांगितलं, गावातलाच मिडल पास माणूस द्या. एक वर्ष थांबतो, नाहीतर शाळा दुसऱ्या गावाला. आता मिडल म्हणजे सातवीची परीक्षा, आणि त्या गावात सर्वांत जास्त शिकलेला कोण, तर चौथीत शाळा सोडलेला चन्नबसप्पा. शाळा सुटली तरी पटवाऱ्याकडची जुनी उर्दू पुस्तकं त्यानं सोडली नव्हती, तेवढ्यावर आमच्या हेडमास्तरांनी त्याला सातवीत घेतलं. शेत बायकोवर, शांतम्मावर सोपवून तो आला होता. मठात राहायचा, तिथलं पाणी भरायचा आणि तिथंच जेवायचा.

"एकच साल हाय माझ्याकडं, रेणुकादास," तो मला म्हणाला होता. "पास झालो तर शाळा गावात. न्हाई तर माझी पोरगी शिकली म्हनायची का? चार मैल चालत शिरूरला पोरीला कोन धाडतंय?"

आमचे दत्तोपंत मास्तर शिकवायचे झकास आणि शिक्षा त्याहून झकास करायचे. स्वतःचा हात त्यांनी क्वचितच दुखवून घेतला. त्यांचा नियम असा, की प्रश्न विचारायचा, आणि ज्याला उत्तर येईल त्यानं न येणाऱ्या सगळ्यांच्या थोबाडीत मारायची. हळू मारली, तर मास्तर "अशी नाही, अशी," म्हणून मारणाऱ्यालाच एक वाजवून दाखवायचे. उत्तरं बहुतेक मलाच यायची. खोटं कशाला सांगू, मला मजा यायची.

चन्नबसप्पाला एकही उत्तर यायचं नाही. तो उभा राहिला की माझा हात त्याच्या गालापर्यंत पोचायचा नाही, म्हणून तोच खाली वाकायचा. मी जोरात मारायचो, मांडीचा सगळा हिशेब त्यात चुकता करायचो. तो गाल चोळत खाली बसायचा. एका लेकीचा बाप, आणि बारा वर्षांच्या पोराच्या हातची रोज खायचा. आम्हाला वाटायचं, ठोंब्या आहे.

दिवाळीनंतरची गोष्ट. मास्तरांनी मांजरा नदीचा उगम आणि संगम विचारला. मी हात वर करता करता शेजारी पाहिलं, तर चन्नबसप्पाच्या पाटीवर दोन्ही उत्तरं लिहिलेली. माझ्या आधी. माझी नजर पडताच त्यानं मनगटानं पाटी पुसली, उभा राहिला, आणि नेहमीसारखा वाकला. त्या दिवशी माझा हात हळू पडला आणि मास्तरांनी मला एक वाजवून दाखवली.

संध्याकाळी मी मठाच्या विहिरीवर गेलो आणि त्याला धारेवर धरलं. आधी त्यानं दोन घागरी ओढल्या, मग बोलला.

"शिरूरच्या शाळेत बी हाच नियम होता. मला उत्तर आलं, माझा चुलतभाऊ मन्मथ, त्याला न्हाई आलं. मी हळू मारली. मास्तरनं मला दोन ठेवून दिल्या. मग मी मारली, सगळा जोर लावून. मन्मथच्या कानातून रगत आलं. डावा कान गेला त्याचा, कायमचा. त्यानं शाळा सोडली, दुसऱ्या दिवशी मी सोडली. घरच्यांला वाटलं, माराला भिऊन सोडली. मार पचतो रे. मारलेलं पचत न्हाई."

माझा तळहात मला नकोसा झाला होता.

"पण मग मास्तर तुला परीक्षेला बसवतील का?" मी विचारलं.

"तोच इचार करायलोय," तो म्हणाला आणि घागर उचलली.

मला वाटलं होतं तसंच झालं. संक्रांत झाली आणि मास्तरांनी मिडलला पाठवायच्या मुलांची यादी वाचली. तिच्यात चन्नबसप्पा नव्हता. तो उठून उभा राहिला.

"मास्तर, माझं नाव?"

"वर्षभरात तुला एक उत्तर आलंय का? माझा निकाल खराब करायला पाठवू तुला?"

"इचारा."

मास्तरांनी विचारलं. अवघडच विचारलं, मलाही येत नव्हतं. चन्नबसप्पानं स्वच्छ उर्दूत उत्तर दिलं.

"बरोबर," मास्तर म्हणाले. "आता मार सगळ्यांना."

"मारनार न्हाई."

"नियम माहीत आहे ना? मारत नसशील तर हात पुढे कर."

त्यानं डावा हात पुढे केला. "उजवा लिवायला लागतो," म्हणाला. छडी बसली.

"दुसरं इचारा, मास्तर."

दुसरं उत्तर बरोबर, दुसरी छडी. तिसरं बरोबर, तिसरी छडी. चुकीच्या उत्तराला मार खाणारे मी पुढे शाळेतल्या नोकरीत शेकड्यानं पाहिले. बरोबर उत्तराला मार खाणारा आणि वर पुढचा प्रश्न मागणारा हा एकच. सातव्या छडीला मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. मास्तरांचाही आवाज आता बसला होता, पण माघार घेईल तो दत्तोपंत कसला.

नऊ झाल्या. दहावं उत्तर ऐकून त्यांनी छडी उचलली, त्या सुजलेल्या हाताकडे पाहिलं आणि छडी टेबलावर ठेवली. मग टाक घेऊन मुकाट्यानं यादीत नाव लिहिलं. कुणाला वाटेल, त्या दिवसापासून थोबाडीत बंद झाल्या. कसल्या बंद होतात. आमच्या चालूच राहिल्या. फक्त चन्नबसप्पा परीक्षेपर्यंत रोज उत्तरं देत राहिला आणि दर उत्तराला डावा हात पुढे करत राहिला. मास्तरांची छडी मात्र दिवसेंदिवस हलकी होत गेली.

तो मिडल तिसऱ्या श्रेणीत पास झाला. शाळा गावाला मिळाली.

पुढच्या हिवाळ्यात तिकडच्या एका लग्नाला वडील मला गाडीतून घेऊन गेले, तेव्हा मी वाट वाकडी करायला लावली. महादेवाच्या देवळात शाळा भरली होती. वीसेक पोरं, पुढं चन्नबसप्पाची मुलगी, आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसलेला एक मिशीवाला गडी. गुडघ्यावर पाटी, डोक्याला फेटा. पोरं त्याच्याकडे बघून हसत होती. कोण ते मला सांगावं लागलं नाही.

चन्नबसप्पानं त्याला पाटीवरचं अक्षर विचारलं. त्याला आलं नाही. तसा चन्नबसप्पा त्याच्या उजव्या बाजूला गेला आणि खाली वाकला, माझ्या हातची खायला वाकायचा तसाच, आणि त्याच्या चांगल्या कानात ते अक्षर हळूच सांगितलं.

मन्मथनं ते मोठ्यानं म्हटलं.