दर्याचं दर्याला

मुरुडच्या अलीकडे, आमच्या किनाऱ्यावर, सकाळी फिरायला गेलो की एक कोळी भेटतोच. गुडघाभर पाण्यात उभा राहून जाळं साफ करत असतो. मी मोठ्या कंपन्यांच्या ट्रॉलरांवर, मरत चाललेल्या समुद्रावर तावातावाने बोलतो. तो प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणतो आणि ऐकत अजिबात नाही.

जिवंत बारकी मासळी तो पुन्हा पाण्यात सोडतो. "दर्याचं दर्याला," असं पुटपुटतो. मला ते फार आवडायचं. मग एकदा पाहिलं, जाळ्यात आलेलं प्लास्टिकही तो तेच पुटपुटत पाण्यात टाकत होता.

"दादा, ते तरी मला द्या," मी म्हणालो. आमच्या 'समुद्र वाचवा' मोर्चाचा जुना फ्लेक्स घरी पडून होता. त्यात सगळं बांधून कचऱ्याच्या गाडीत टाकलं. गाडी कुठे रिकामी होते, ते विचारायचं राहून गेलं.

परवा तोच फ्लेक्स त्याच्या जाळ्यात आला. घोषणा अजून वाचता येत होती. आता तो पुन्हा तेच पुटपुटणार म्हणून मी मान फिरवली. पण त्याने फ्लेक्स खळबळून धुतला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

"ह्ये दर्याचं न्हाय, भाऊ. तुमचं हाय."