पलीकडं पोचण्यापुरतं

ज्या पंपावर डिझेल खपतं तिथं किस्से साठत नाहीत. गाड्यांची रांग लागली असली की बोलायला सवड कुणाला असते? आमच्या पंपावर मात्र किस्से ढिगानं साठले. पूर्वी ते सांगताना आम्ही पोट धरून हसायचो. हल्ली मी ते नुसते सांगते.

आमचा पंप कागलच्या पुढं, हायवेला. तिथनं थोडं गेलं की कर्नाटक. तेल तेच, कंपनी तीच, बोर्डाचा रंगही तोच. पण तिकडच्या सरकारचा टॅक्स कमी, म्हणून डिझेल तिकडं स्वस्त. मी सातवीपर्यंत शिकले. भूगोलाच्या नकाशात राज्याची हद्द म्हणजे एक तुटक रेघ असायची. मी ती पेन्सिलीनं छान काढायची, बाईंनी शाबासकी पण दिली होती. ती रेघ पुढं माझ्या चुलीपर्यंत येईल, हे कुठल्या धड्यात नव्हतं.

पंपावर मॅनेजर आप्पा, साठी उलटलेले. तेल भरायला आम्ही दोघी, वंदनाअक्का आणि मी. आणि चौथी माझी आरू, चार वर्षांची. तिला बालदमा आहे. केव्हा धाप लागेल सांगता येत नाही, म्हणून मला ती डोळ्यांसमोर लागते. सासूबाई नाहीत, आई कबनूरला यंत्रमागाच्या कामावर. आप्पांनीच केबिनच्या मागं सतरंजी टाकून दिली आणि म्हणाले, "आण पोरगीला. पंप काय उचलून नेतीया व्हय ती?"

हायवेवर गाड्या नुसत्या सुसाट. म्हणून मी तिच्या पायात चाळ घातले. चाळ वाजत असले की माझं काम चालायचं, थांबले की हात थांबायचा. पंप बंद पडणार असं दर दिवाळीला कुणीतरी बोलायचं. बाकीच्यांना पगाराची काळजी. मला एवढीच, की पोर बरोबर घेऊन ये म्हणणारा दुसरा पंप मला कोण देणार?

*

एकदा भला मोठा ट्रेलर आला. आम्ही दोघी धावलो, वाटलं आज सुटलो. ड्रायव्हरनं काच खाली केली आणि म्हणाला, "वैनी, पलीकडं पोचण्यापुरतं टाका."

एवढ्या मोठ्या टाकीत पळीभर डिझेल. वर त्यानं सगळ्या टायरांत हवा भरून घेतली, कॅन भरून पाणी घेतलं, अंघोळ केली, धुतलेला टॉवेल आमच्याच तारेवर अर्धा तास वाळवला.

अक्काच्या जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "दादा, तीर्थ इथं घेतलासा, आणि प्रसाद पलीकडं व्हय?"

तो टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाला, "काय करायचं अक्का, देवच तिकडं हाय."

*

कंपनीचे एक साहेब आले. तरुण, टाय लावलेले. खप का पडला म्हणून आप्पांना विचारत होते. आप्पांनी टॅक्सचं सांगितलं. साहेब म्हणाले की दर आपल्या हातात नाही, सर्व्हिस आपल्या हातात आहे. गिऱ्हाईकाकडं बघून हसा, गाडीची पुढची काच पुसून द्या, मग तो पुढं जाणारच नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही काचा पुसू लागलो. ट्रकची काच पुसायची म्हणजे बंपरवर चढायला लागतं. साडी खोचून मी चढले. एका म्हाताऱ्या सरदारजीच्या ट्रकची काच अशी लख्ख केली की त्यात माझं तोंड दिसत होतं. तो खूश झाला. हात जोडले, आरूला बिस्किटचा पुडा दिला आणि गाडी सुरू केली.

आम्ही विचारलं, डिझेल?

आप्पा केबिनच्या दारातनं म्हणाले, "जाऊ द्या त्याला. आता त्याला पलीकडचा बोर्ड लांबनं दिसंल."

*

माझा नवरा कागलजवळच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा टेम्पो चालवतो. आठवड्यातनं दोनदा माल घेऊन बेळगावकडं जातो. आमच्या पंपासमोरनं जाताना हॉर्न वाजवायचा. आरू चाळ वाजवत पळत यायची, हात हलवायची. आणि हा पुढं जाऊन तिकडं टाकी फुल करायचा.

एकदा रात्री जेवताना मी बोललेच. बायको इथं दिवसभर उभी असते आणि तुम्ही तोंडासमोरनं निघून जाता, लोक हसतात.

त्यानं घास ताटात ठेवला. मग त्यानं समजावून सांगितलं. ह्यांच्या फाउंड्रीसारखाच माल तिकडच्या फाउंड्र्या करतात. त्यांच्या गाड्यांना डिझेल स्वस्तच पडतं. ह्यांनी भाड्यात वाचवलं नाही तर ऑर्डर तिकडं जाते. मालकानं बजावलं आहे, इकडं एक थेंब भरायचा नाही.

म्हणजे त्याची नोकरी टिकायची तर त्यानं तिकडं भरायचं, आणि माझी टिकायची तर इकडं. दोघांच्या मधे आरू, आमटीत भाकरी कुस्करत.

शेवटी तोच म्हणाला, "टेम्पो पितोय तिकडं. मी तर तुझ्यातच जेवतोय की."

मी हसले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

*

आप्पांचा एक नेम होता. लेक निपाणीला दिलेली, तिच्याकडं महिन्यातनं एकदा जायचे. पण स्वतःच्या मोटरसायकलीत पेट्रोल घालायचं ते आपल्याच पंपावर. पलीकडं कधीच नाही.

एका मे महिन्यात परतताना गाडी बंद पडली. कुठं, तर पलीकडच्या सगळ्यात मोठ्या पंपाच्या दारात! तिथली माणसं हाका मारत होती, काका या, भरून जावा. आप्पा म्हणाले, "आमचा पंप हाय की फुडं." आणि भर उन्हात चढाला गाडी ढकलत आणली.

आले तेव्हा सदरा पिळून निघाला होता. पाणी आरूनं दिलं, तिचं ते ठरलेलंच काम. अक्का वैतागली, "लिटरभर घ्यायचं हुतंसा की आप्पा. कोण बघायला बसलंय?"

आप्पा तांब्या खाली ठेवत म्हणाले, "आणि उद्या इथं हुबारून कुठल्या तोंडानं म्हणू, या म्हणून?"

*

त्याच जूनमध्ये आरूला सकाळचे दोन तास पंपामागच्या अंगणवाडीत सोडायला लागले. एक दिवस बाईंनी मला बोलावून घेतलं. मी पळत सुटले, वाटलं धाप लागली. तर तसं काही नव्हतं. बाई हसत होत्या.

पोरं पंप-पंप खेळत होती. आरू मालकीण. हातात पाण्याची तुटकी नळी. एकेक पोर तोंडानं घुर्रर्र करत गाडी घेऊन यायचं, डिझेल मागायचं. आरू प्रत्येकाला ओंजळीनं लटकं पाणी पाजायची, काच पुसल्यासारखं करायची, आणि हात लांब करून रस्ता दाखवायची. नळी काही उचलायची नाही.

बाईंनी विचारलं, "अगं, डिझेल का देत न्हाईस?"

आरू म्हणाली, "आमच्यात डिझेल नस्तंय. आमच्यात पाणी अस्तंय."

मी केबिनमध्ये येऊन हे सांगितलं. अक्का हसली. आप्पा हसले नाहीत. उठून बाहेर गेले आणि बराच वेळ रिकाम्या मशीनपाशी उभे राहिले.

*

पंप यंदा बंद झाला. मालकांनी पलीकडं दुसरा चालवायला घेतला, कोल्हापूरकडं येणाऱ्या बाजूला. तिथं रांग हटत नाही. महाराष्ट्रात शिरायच्या आधी प्रत्येकजण टाकी गच्च भरून घेतो. मालकांनी आम्हाला दोघींना तिकडं बोलावलं. आप्पांनाही बोलावलं. आप्पा "बघू" म्हणाले आणि आलेच नाहीत.

पोर आणायची नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. गर्दीच तेवढी, त्यांचंही खरं आहे. आरू आता शेजारच्या काकूंकडं असते. मी दर तासाला फोन करते. काकू म्हणतात बरी आहे, खेळतेय. मी म्हणते, जरा फोन तिच्या पायाजवळ धरा.

परवाची गोष्ट. दुपारची वेळ, रांग पार रस्त्यापर्यंत. मी पेट्रोलचं नोझल हातात घेऊन पुढच्या गाडीला बोलवायला वळले, तर कडेनं कुणीतरी मोटरसायकल ढकलत येत होतं. आप्पा. निपाणीकडनं येत असणार. सदरा घामानं अंगाला चिकटलेला.

मी रांग थांबवली. मागचे हॉर्न वाजवायला लागले, वाजू दे म्हटलं. पुढं झाले, त्यांच्या गाडीच्या टाकीचं झाकण मीच उघडलं. आत कोरडं ठाक. सवयीनं तोंडातनं निघालं, "झिरो बघा, आप्पा."

आप्पांनी मशीनकडं बघितलं नाही. माझ्या हातावर हात ठेवून झाकण परत लावलं. मग आजूबाजूला बघितलं, सतरंजी कुठं दिसते का बघावं तसं.

"पोरगी कशी हाय?"

"बरी हाय."

"पाणी मिळंल का जरा?"

मी धावत जाऊन तांब्या आणला. त्यांनी उभ्यानंच सगळा संपवला, मिशा पुसल्या, तांब्या माझ्या हातात दिला. आणि गाडीचं हँडल धरून चढाला लागले.