बाटलीवरचं नाव

भाऊ माणसाला पूर्ण नावानं हाक मारत, तीही मोठ्यानं. मूल व्हावं म्हणून जोडपी जिथे येत, त्या लोणावळ्याच्या दवाखान्यात ही सवय भलतीच अडचणीची. आम्ही नवरे मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेले. नर्सबाईंच्या लेखी आम्ही सगळे 'अमकीचे मिस्टर'. भाऊ मात्र प्रयोगशाळेच्या दारातून बापाच्या नावासकट पुकारा करत आणि वर विचारत, "लाजताय कशाला? चोरी करून आलाय व्हय?"

वीर्याचे नमुने गोळा करणं हे त्यांचं काम. वडिवळ्याचे, साठीला टेकलेले. आत धाडलेला एखादा रिकाम्या बाटलीनिशी, पडेल चेहऱ्यानं बाहेर आला की म्हणत, "व्हतं असं. चा पिऊन या. घाई कुनाला हाये?" आणि स्वतः त्याच्याबरोबर चहाला जात.

मी पहिल्यांदा बाटली दिली, तेव्हा चिठ्ठीवर माधुरीचं, माझ्या बायकोचं नाव लिहिलं होतं. फाइल तिच्या नावाची, इंजेक्शनं तिच्या नावाची, मग हेही तिच्याच! इंजिनिअर झालेल्या माणसाची अक्कल ही. भाऊंनी चष्मा वर सरकवला. "साहेब, ह्ये तरी तुमचं हाये ना? मंग नाव बी तुमचंच टाका."

आठवड्यानं रिपोर्ट आला. दोष माझ्यात होता. रिपोर्ट हातात देताना भाऊ प्रत्येकाला विचारत तेच त्यांनी मलाही विचारलं, "घरी कुनाला सांगनार?"

"कुणालाच नाही," मी म्हणालो. घरी आई माधुरीला सोळा सोमवार करायला लावत होती. ओटी भरायला तिला कोणी बोलवत नव्हतं.

भाऊ बाकावर माझ्याजवळ बसले. "माझा रिपोर्ट बी खराब व्हता. बायकूला, सुमनला सांगितलं न्हाई, गावाला बी न्हाई. ती मरंस्तवर लोकं तिला वांझ म्हनली. मी गप. आता कुनाला सांगू?"

त्या संध्याकाळी कार्ल्याला घरी गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. आई बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "तर मग उरलेले सोमवार तू धर." मी धरले. माधुरी दर सोमवारी माझ्यासमोर बसून चवीनं जेवली.

आम्हाला अजून मूल नाही. भाऊ मात्र गेल्या वर्षी गेले. त्यांच्या दहाव्याला आम्ही दोघं वडिवळ्याला गेलो. नदीकाठी त्यांची एक चुलत बहीण हळहळत होती, "लय गुनाचा मानूस. बायकू वांझ निघाली, न्हाईतर आज पिंडाला लेक उभा असता."

मी उठलो. भाऊंना हे आवडेल का, याचा क्षणभर विचार केला. मग त्यांच्यासारख्याच मोठ्या आवाजात म्हणालो, "मावशी, सुमनबाई वांझ नव्हत्या. दोष भाऊंमध्ये होता. त्यांनीच मला सांगितलंय."

एरवी मी चारचौघांत काही बोललो की माधुरी माझी बाही ओढून मला खाली बसवते. त्या दिवशी ती माझ्या शेजारी उठून उभी राहिली.